तेव्हा खोटं बोललात की आता? साक्षी नोंदवणाऱ्यांना एका साक्षीदाराचं खुलं पत्र

तपास अधिकारी, दोन्ही बाजूंचे वकील, न्यायाधीश आणि चौकशी समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी आयुष्यात एकदाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. एका चौकात ट्रकने मोटारसायकलला धडक दिली, चालवणारा मुलगा जागीच गेला, आणि मी तिथून वीस-पंचवीस पावलांवर होतो. साक्षीचं बोलावणं आलं ते चार वर्षांनी. मधल्या काळात तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर किती वेळा उभा राहिला, याला गणती नाही. करकचून लागलेला ब्रेक, रस्त्यावर घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलेलं हेल्मेट, आणि वर ट्रकच्या बाजूला लाल झालेला सिग्नल. सरकारी वकिलांनी विचारलं, "सिग्नल कोणता होता?" मी छातीठोकपणे सांगितलं, "लाल. ट्रकला लाल होता."

मग बचाव पक्षाच्या वकिलांनी माझा त्याच रात्रीचा जबाब वाचून दाखवला. "समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मोठा आवाज झाल्याने मी वळून पाहिले. सिग्नलकडे माझे लक्ष नव्हते." हेल्मेटचा त्यात उल्लेखही नव्हता. खाली नाव माझंच.

"मग तेव्हा खोटं बोललात की आता खोटं बोलताय?"

मला दोन पर्याय दिले होते आणि दोन्ही चुकीचे होते. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणंही बहुधा माझ्याविरुद्धच गेलं असावं.

खटल्याचं पुढे काय झालं, हा या पत्राचा विषय नाही. मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही सांगितलं नव्हतं. या दोहोंच्या मधल्या जागेला तुमच्या कागदपत्रांत नाव नाही, आणि ती जागा केवढी ऐसपैस आहे हे मला नंतर वाचताना कळलं. मी मानसशास्त्राचा माणूस नाही. स्वतःच्याच डोक्यावर चिडलेला एक माणूस म्हणून वाचत गेलो. त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं इथे मांडतो.

धक्कादायक प्रसंगाची आठवण काळ्या दगडावरची रेघ असते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. १८९९ साली कोलग्रोव्ह नावाच्या अभ्यासकाने १७९ जणांना विचारलं होतं, की अब्राहम लिंकन यांच्या हत्येची बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कुठे होतात? हत्येला तीन दशकांहून जास्त काळ लोटला होता. तरी १२७ जणांनी जागा, वेळ, हातातलं काम, सांगणारा माणूस असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. पुढे १९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येबद्दल ८० जणांना असंच विचारलं, तर ७९ जणांकडे उत्तर तयार होतं. अशा आठवणींना त्यांनी 'फ्लॅशबल्ब' म्हटलं. जुन्या कॅमेऱ्याचा दिवा एकदाच भडकावा आणि समोरचं सगळं, अगदी मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरासकट, फोटोत उतरावं, तसं मेंदूत होत असणार अशी त्यांची कल्पना.

यातली गोम तुमच्या लगेच लक्षात येईल, कारण तुमचा हा रोजचा व्यवसाय आहे. उत्तरं होती, पण ताडून पाहायला समोर काही नव्हतं. नुसती फिर्याद, पंचनामा नाही.

पहिली शंका एका माणसाला स्वतःबद्दलच आली. अल्रिक नायसर हे मानसशास्त्रातलं मोठं नाव. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नौदल तळावर जपानचा हल्ला झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना तेरा वर्षं पूर्ण होणार होती. त्यांची आठवण अशी: घरात बसून रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकतोय, मध्येच सामना थांबवून हल्ल्याची बातमी सांगितली गेली, आणि मी आईला सांगायला वर धावलो. ही आठवण त्यांनी कित्येक वर्षं जपली. मग एके दिवशी लक्षात आलं, की अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत! पण गंमत पुढेच आहे. १९८६ साली दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं, की त्या दिवशी न्यूयॉर्कच्या एका बेसबॉल मैदानावर फुटबॉलचा सामना चालू होता आणि खेळणाऱ्या संघांची नावं होती जायंट्स आणि डॉजर्स. त्याच शहरातल्या दोन बेसबॉल संघांचीही हीच नावं. म्हणजे आठवण हवेतली नव्हती. रेडिओ खरा, सामना खरा, मध्येच आलेली बातमी खरी असू शकते. खेळ तेवढा बदलला. मला वाटतं, आम्ही साक्षीदार तुमच्यापुढे जे आणतो ते बहुतेक वेळा असंच असतं. सगळं खोटं नसतं. त्यातलं फुटबॉल कुठे आणि बेसबॉल कुठे, हे आम्हाला आतून कळत नाही एवढंच.

मग नायसर यांनी खरा पंचनामा केला. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटातल्या एमोरी विद्यापीठात १०६ विद्यार्थ्यांकडून नायसर आणि निकोल हार्श यांनी लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता. कागद कपाटात गेले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच प्रश्न विचारले. दोन्ही उत्तरं ताडून सातपैकी गुण दिले. सरासरी आली ३ च्याही किंचित खाली. अकरा जणांना शून्य. शून्य म्हणजे जागा चूक, सांगणारा चूक, हातातलं काम चूक. पूर्ण गुण फक्त तिघांना. आणि आपापल्या उत्तराबद्दल खात्री किती, असं विचारल्यावर पाचपैकी सरासरी ४ च्या वर.

मी हा भाग वाचला तेव्हा उठून पाणी प्यायलो. त्या शून्यवाल्यांत मी स्वतःला पाहिलं.

एक बारकावा तुमच्यासाठी मोलाचा आहे. पहिल्या सकाळी साधारण पाचातल्या एकानेच लिहिलं होतं, की बातमी टीव्हीवरून कळली. अडीच वर्षांनी जवळजवळ निम्मे तसं म्हणत होते. बातमी वर्गात कुणाकडून तरी कळलेली असायची, मग खोलीवर जाऊन तासन्‌तास टीव्ही पाहिलेला असायचा. मागाहून पाहिलेलं दृश्य सरकत सरकत पुढे आलं आणि पहिल्या क्षणाच्या जागी बसलं. माझं हेल्मेट असंच आलं असावं. अपघातानंतर कुणीतरी काढलेली एक चित्रफीत फोनवरून फिरत होती, मीही ती चार-पाच वेळा पाहिली होती. तिच्यात रस्त्यावर पडलेलं हेल्मेट दिसतं. ते माझ्या पायाशी कधी आलं, देव जाणे. आणि सिग्नल? त्या संध्याकाळी चौकात जमलेला प्रत्येक जण म्हणत होता, "ट्रकवाल्याने सिग्नल तोडला." मी ते ऐकलं होतं. ऐकलेलं पाहिलेलं कधी झालं, त्याची तारीख माझ्याकडे नाही.

न पाहिलेलं पाहिल्यासारखं वाटणं हा माझ्या एकट्याचा रोग नाही. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान रहिवासी इमारतीवर कोसळलं. विमान आदळतानाचं चित्रण कुणीच केलं नव्हतं. दहा महिन्यांनी हान्स क्रोम्बाग आणि सहकाऱ्यांनी डच लोकांना विचारलं, "विमान आदळतानाचं टीव्हीवरचं चित्रण तुम्ही पाहिलंत का?" ५५ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या एका गटात हे प्रमाण ६६ टक्के होतं. यात प्रश्नाचाही दोष आहे, कारण चित्रण आहे हे प्रश्नानेच गृहीत धरलं होतं. पण असे प्रश्न कोण विचारतं, हे मी सांगायला नको.

मोठ्या पदावरची माणसंही याला अपवाद नाहीत. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी फ्लोरिडातल्या एका शाळेत होते. वर्गात जाण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर हल्ल्यातलं पहिलं विमान आदळताना आपण टीव्हीवर पाहिलं, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. तेही एकदा नाही, दोनदा. त्या सकाळी पहिल्या विमानाचं चित्रण कुठल्याही वाहिनीवर नव्हतं. कटकारस्थानं शोधणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. त्यांचा तर्क तुमच्या त्या वकिलांसारखाच होता: विसंगती आहे, म्हणजे लपवाछपवी आहे. चॅलेंजरचे विद्यार्थी माहीत असलेल्या माणसाला मात्र यात कारस्थान दिसत नाही, एक साधं डोकं दिसतं.

त्याच हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी जेनिफर तालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या, एक हल्ल्याची बातमी कळल्याची आणि एक त्याच दिवसांतली कुठलीतरी साधी, रोजची. नंतर आठवड्याने, सहा आठवड्यांनी किंवा बत्तीस आठवड्यांनी त्यांना परत बोलावलं. मला वाटलं होतं, हल्ल्याची आठवण जास्त टिकली असेल. नाही. दोन्ही सारख्याच वेगाने ढासळल्या. फरक एकच: साधी आठवण फिकी होत गेली तसा तिच्यावरचा विश्वासही कमी झाला, हल्ल्याची आठवण मात्र लख्खच वाटत राहिली. फ्लॅशबल्ब आठवणीचं वेगळेपण अचूकपणात नाही, आमच्या खात्रीत आहे. आणि न्यायालयात तुम्ही तोलता ती नेमकी आमची खात्रीच. "साक्षीदार ठाम होता", "उलटतपासणीत डगमगला नाही". मीही सुरुवातीला डगमगलो नव्हतो.

असं का होतं, याचं उत्तर थोडक्यात सांगतो, कारण पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, मेंदूतला अमिग्डाला जागा होतो आणि प्रसंगाचा गाभा खरोखरच पक्का बसतो. अपघात झाला, माणूस गेला, हे मी विसरणार नाही. पण लक्ष त्या गाभ्यावर खिळलं की कडेचं निसटतं, आणि पुढे प्रत्येक वेळी सांगताना त्या रिकाम्या जागा आपण भरत जातो. मुद्दाम नाही. गोष्ट सांगायची तर तिला सिग्नल हवा असतो.

११ सप्टेंबरच्याच आठवणींवर विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या सात शहरांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांना सोबत घेऊन काम केलं आणि त्यांतल्या अनेकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. आठवण घसरते ती मुख्यतः पहिल्या वर्षात. नंतर ती स्थिरावते, पण जी स्थिरावते ती चुकांसकट. एकदा चूक शिरली की माणूस पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तीच सांगत राहतो. न्यायाधीश महोदय, "साक्षीदाराने तिन्ही वेळा तेच सांगितलं" हे वाक्य निकालपत्रात लिहिण्याआधी एवढं पाहा, की त्या तीन वेळांपैकी पहिली घटनेनंतर किती दिवसांनी होती.

आता तुमचा वाटा. तो तुम्हाला आवडणार नाही, पण पत्र खुलं आहे.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या धडकेची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, आणि काहींना विचारलं, गाड्यांचा 'चुराडा झाला' तेव्हा किती होता. आठवड्याने दोघांनाही विचारलं, फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना ती दिसली होती, 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना. एका शब्दाने काचा फुटतात. आमच्या जबाबात मात्र तुमचा प्रश्न लिहिलेलाच नसतो. "विचारल्यावरून सांगतो की" एवढंच. काय विचारलं? कसं विचारलं? माझा जबाब माझा असतो, पण भाषा लिहिणाऱ्याची असते. 'सदर इसम', 'भरधाव वेगात' हे शब्द मी जन्मात कधी वापरलेले नाहीत.

ओळखपरेडीची गोष्ट याहून भयंकर. १९८४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये एका तरुणीवर तिच्या घरात बलात्कार झाला. अत्याचार चालू असताना तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा न्याहाळला, पुढे ओळखता यावा म्हणून. पोलिसांनी फोटो दाखवले तेव्हा तिने बराच वेळ घेतला आणि जरा चाचरतच एका फोटोवर बोट ठेवलं. नंतरच्या परेडीतही तोच माणूस निवडला, आणि पोलिसांकडून कळलं की फोटोतलाही हाच होता. न्यायालयात उभी राहीपर्यंत तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. त्या माणसाला शिक्षा झाली. पुढच्या खटल्यात खरा गुन्हेगार न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला, तर याला मी कधी पाहिलेलंच नाही, असं ती म्हणाली. १९९५ मध्ये डीएनए चाचणी झाली आणि गुन्हेगार तो दुसराच होता हे सिद्ध झालं. निर्दोष माणसाने तोवर दहा वर्षांहून जास्त तुरुंगवास भोगला होता.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्याइतकं प्रामाणिक कुणी असू शकत नाही. तिची सुरुवातीची चाचरण हाच त्या खटल्यातला सगळ्यात खरा पुरावा होता, आणि नेमकी तीच कुणी तोलली नाही. गॅरी वेल्स यांनी १९९८ मध्ये प्रयोगाने दाखवलं, की ओळख पटवल्यावर साक्षीदाराला नुसतं "छान, बरोबर ओळखलंत" म्हटलं तरी खात्री वाढते. एवढंच नाही, आपण तो चेहरा नीट पाहिला होता, असंही त्याला वाटू लागतं.

इथवर वाचून कुणी बचावाचे वकील हे पत्र खिशात घालून उद्याच्या उलटतपासणीला निघाले असतील, तर त्यांनी जरा थांबावं. आम्ही सगळेच कुचकामी आहोत असं नाही. १९८९ साली उत्तर कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. ज्यांनी तो स्वतः अनुभवला, त्यांच्या आठवणी दीड वर्षानेही जवळजवळ जशाच्या तशा होत्या. दूर अटलांटात बसून ज्यांना नुसती बातमी कळली, त्यांच्या मात्र बिघडल्या होत्या. हा अभ्यासही नायसर यांचाच, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण. कॅनडात भर दिवसा रस्त्यावर झालेल्या एका गोळीबाराच्या १३ साक्षीदारांना जॉन युइल आणि ज्युडिथ कटशॉल चार-पाच महिन्यांनी भेटले, तेव्हा त्यांचं सांगणं बरंच अचूक निघालं आणि मुद्दाम विचारलेल्या फसव्या प्रश्नांनाही ते बधले नाहीत. स्वतः भोगलेलं आणि बातमीतून कळलेलं यांत फरक आहे. मात्र मी कुठल्या बाजूचा होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिथे होतो, पण वळून पाहिलं ते आवाज झाल्यावर.

म्हणून मागणी फार नाही. आम्हाला लवकर विचारा, एकेकट्याला विचारा, आणि फोनवरच्या चित्रफिती बघण्याआधी विचारा. "काय झालं ते सांगा" असं म्हणा आणि मध्ये बोलू नका. 'माहीत नाही' हे उत्तर आलं तर तेही तसंच लिहून घ्या. माझ्या जबाबातलं सर्वांत मौल्यवान वाक्य "सिग्नलकडे माझे लक्ष नव्हते" हेच होतं. प्रश्न आणि उत्तर दोन्ही ध्वनिमुद्रित करा. ओळखपरेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊकच नसू द्या, आणि साक्षीदाराने बोट ठेवल्याक्षणी त्याला खात्री किती आहे हे त्याच्याच शब्दांत नोंदवा. त्याच क्षणाच्या खात्रीला, परेड नीट घेतली असेल तर, बरीच किंमत असते. चार वर्षांनंतरच्या खात्रीला किती किंमत द्यायची, ते तुम्हीच ठरवा.

आणि दोन जबाबांत फरक आढळला तर "खोटं बोलताय" म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा, की मधल्या काळात तुम्ही काय पाहिलंत, कुणाशी बोललात? मला कुणी हे विचारलं असतं, तर चित्रफितीचं आणि चौकातल्या लोकांचं मी तिथेच सांगितलं असतं. मला लपवायचं काहीच नव्हतं.

राहिला एक मुद्दा. साक्षीच्या आधी जबाब वाचायला देऊन "आठवण ताजी करून घ्या" म्हणायची पद्धत आहे. चॅलेंजरच्या विद्यार्थ्यांना शेवटी त्यांचेच जुने कागद, त्यांच्याच हस्ताक्षरातले, दाखवले गेले. मूळ आठवण एकाचीही परत आली नाही. माझंही तेच. त्या जबाबाची प्रत माझ्याकडे आहे. मी ती इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली आहे, आणि सिग्नल मी पाहिला नव्हता हे मला आता कळतं. तरी डोळे मिटले की तो वर लालच असतो.

तेव्हा पुन्हा कधी बोलावलंत, तर माझं उत्तर हे असेल: "मला सिग्नल लाल आठवतो. पण त्या रात्री मी सांगितलं होतं की मी तो पाहिला नाही. त्या रात्रीचं धरा." हे उत्तर 'हो की नाही एवढंच सांगा' यात बसणारं नाही. ते आहे तसं लिहून घ्याल का?

आपला,
एक साक्षीदार